चंद्रग्रहणाचे वेध आणि पंचांगाची शुद्धी

भारतीय गणितज्योतिषात चंद्रग्रहणाला जे स्थान मिळाले त्याचे कारण केवळ स्नानदानाचा पर्वकाळ हे नव्हे. गणकाचे गणित खरे की खोटे याचा निवाडा उघड्या आकाशाखाली, साऱ्या गावासमक्ष लागण्याचा तो प्रसंग होता. तिथी अर्ध्या घटकेने मागेपुढे झाली तर ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, परंतु पंचांगात दिलेल्या वेळेला पौर्णिमेच्या चंद्राची कड काळवंडली नाही तर ती चूक निरक्षर माणसालाही दिसते. सूर्यग्रहणात पाहणाऱ्याच्या स्थानानुसार चंद्र किंचित सरकलेला भासतो आणि हा फरक, ज्याला लंबन म्हणतात, हिशेबात घेताना आणखी एक चूक शिरण्याचा संभव असतो; चंद्रग्रहणात मात्र पृथ्वीची छाया प्रत्यक्ष चंद्रावरच पडत असल्यामुळे चंद्र जेथे जेथे क्षितिजावर असेल तेथून ग्रहण एकाच क्षणी लागते व एकाच क्षणी सुटते. दुर्बिणीपूर्वीच्या काळात चंद्राची गती तपासण्यास याहून चांगली कसोटी क्वचितच होती.

या कसोटीची सामग्री अगदी साधी होती. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी, म्हणजे घटिकापात्र, पाण्यावर सोडली की ती चोवीस मिनिटांत, म्हणजे एका घटकेत, भरून बुडे, आणि अशा बुडालेल्या वाट्या मोजत छाया चंद्राला टेकण्याचा स्पर्श, बिंब पूर्ण झाकले जाण्याचे संमीलन, ते पुन्हा उघडू लागण्याचे उन्मीलन व शेवटचा मोक्ष यांच्या वेळा टिपल्या जात. यांपैकी स्पर्श पकडणे सर्वांत कठीण, कारण दाट छायेच्या आधी विरळ उपच्छाया चंद्रावर पसरते आणि कड केव्हा खरोखर झाकली गेली हे डोळ्याला चटकन ठरवता येत नाही. पाहण्याची ही परंपरा किती बारकाईची होती हे सूर्यसिद्धांतावरूनही कळते: अर्ध्याहून कमी ग्रास असताना चंद्र धुरकट, अर्ध्याहून अधिक असता काळा, सुटताना काळसर तांबडा आणि खग्रास असता कपिल दिसतो, असे त्यात नोंदले आहे.

केरळात निळा नदीकाठी राहणाऱ्या परमेश्वर या ज्योतिर्विदाने १३९३ ते १४३२ या काळातील ग्रहणांचे वेध लिहून ठेवले, आणि जुन्या गणितातील फरक त्यांवरून ध्यानात घेऊन १४३१ साली ‘दृग्गणित’ रचले. दृक् म्हणजे जे दिसते ते, आणि त्याच्याशी जुळणारे गणित हे त्याचे साध्य होते.

महाराष्ट्राचा या इतिहासातील वाटा कोकणात, मुरूडजवळच्या नांदगावात आहे. तेथील केशव दैवज्ञाने ‘ग्रहकौतुक’ शके १४१८, म्हणजे १४९६ मध्ये लिहिले आणि निरनिराळ्या सिद्धांतांनी काढलेले ग्रह आकाशाशी ताडून पाहिले, तेव्हा त्यांत अंतर पडते असे त्याने स्पष्ट नमूद केले. त्याचा मुलगा गणेश याने शके १४४२ आरंभवर्ष धरून ‘ग्रहलाघव’ रचला, ज्यात ज्या म्हणजे त्रिकोणमितीची कोष्टके टाळून अकरा वर्षांच्या चक्रावर सारे गणित बेतले आहे. या ग्रंथात रवी सूर्यसिद्धांताप्रमाणे घ्यावा, चंद्रही त्याच सिद्धांताचा, परंतु त्यातून नऊ कला वजा कराव्यात, असे सांगितले आहे. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग आणि चंद्राचे बिंब सुमारे बत्तीस कलांचे, तेव्हा ही वजाबाकी बिंबाच्या पाव भागाहून अधिक भरते. छायेच्या तुलनेत चंद्र तासाला सुमारे तीस कला पुढे जात असल्यामुळे तिच्यायोगे ग्रहणाची वेळ जवळजवळ अठरा मिनिटांनी, म्हणजे पाऊण घटकेने, पुढे ढकलली जाते. एवढा फरक घटिकापात्राला सहज पकडता येतो. प्रमाण मानलेल्या सिद्धांताचा आधार न सोडता त्याचे अंक आकाशापुढे दुरुस्त करण्याचे हे धैर्य भारतीय ज्योतिषातील मोठ्या गोष्टींपैकी एक मानले पाहिजे, आणि ग्रंथप्रामाण्याचा आरोप सरसकट करणाऱ्यांनी ते विसरणे अन्यायाचे आहे.

दुर्बीण आल्यावर कसोटी अधिक कडक झाली, कारण छायेची कड टायको, कोपर्निकस अशा विवरांवरून सरकतानाच्या वेळा स्वतंत्रपणे टिपता येऊ लागल्या, आणि पृथ्वीच्या वातावरणामुळे ही छाया भूमितीने काढलेल्या मापाहून सुमारे पन्नासाव्या हिश्शाने मोठी पडते हेही लक्षात आले. तरीही देशी रीत एकदम मागे पडली असे नाही. शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी पाँडिचेरीला आलेल्या ल जाँतिल या फ्रेंच ज्योतिर्विदाने एका तमिळ गणकाकडून त्याची पद्धत शिकून घेतली. ३० ऑगस्ट १७६५ च्या चंद्रग्रहणाचा त्या पद्धतीने निघालेला काल प्रत्यक्षाहून अवघा ४१ सेकंदांनी कमी भरला, तर युरोपात नावाजलेल्या मायरच्या कोष्टकांनी आलेला काल ६८ सेकंदांनी जास्त होता. एका ग्रहणावरून पद्धतीची श्रेष्ठता ठरत नाही, हेही खरे: १८२५ च्या मे-जूनमधील ग्रहणाला कवड्या मांडून गणित करणाऱ्या तशाच एका तमिळ गणकाने सांगितलेल्या वेळांत स्पर्शाला ४, मध्याला २३ आणि मोक्षाला ५२ मिनिटांचे अंतर पडले, अशी नोंद जॉन वॉरनने केली आहे.

महाराष्ट्रात ग्रहलाघवावरून पंचांगे काढण्याची चाल साडेतीनशे वर्षांच्या आसपास चालू असताना केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली, आणि शके १७८७ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने नव्या गणिताचे पंचांग छापले जाऊ लागले. नांदगावच्या गणेशाने सूर्यसिद्धांताला जी दुरुस्ती लावली होती, तशाच दुरुस्तीची वेळ आता त्याच्या स्वतःच्या ग्रंथावर आली होती.