वेदनेची साक्ष : हुगळी-कलकत्ता येथील मेस्मेरिझमचे प्रयोग (१८४५–१८५१)

संमोहनाच्या साह्याने वेदनेचे शमन करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास सामान्यतः युरोपातील विचारवंतांच्या मतभेदांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तथापि या प्रयत्नांतील एक महत्त्वाचे प्रकरण बंगालमध्ये घडले. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश शल्यवैद्य जेम्स एस्डेल (१८०८–१८५९) याने हुगळी व कलकत्ता येथे केलेले प्रयोग हे ते प्रकरण होय. त्याचे महत्त्व शस्त्रक्रियांच्या संख्येपेक्षा त्यांतून निर्माण झालेल्या एका प्रश्नात आहे. ‘मला वेदना झाली नाही’ असे रुग्ण सांगतो, तेव्हा ती साक्ष कोणी व कशाच्या आधारे ग्राह्य मानावी, हा तो प्रश्न होय.

एस्डेलच्या पूर्वी युरोपात या विद्येची प्रतिष्ठा ढासळलेली होती. प्राणिज चुंबकत्वाच्या एका सूक्ष्म द्रवाने रोग बरे होतात, असे मेस्मरचे प्रतिपादन होते. इ. स. १७८४ मध्ये फ्रेंच राजाने नेमलेल्या समितीने, ज्यात फ्रँकलिन व लाव्हाझिए हे होते, असा द्रव अस्तित्वात नाही व दिसणारे परिणाम कल्पनाशक्तीचे आहेत, असा निर्णय दिला. हा निर्णय द्रवाविषयी अचूक होता. परंतु कल्पनाशक्ती शरीरावर एवढा परिणाम कसा घडवते, याची चिकित्सा त्यानंतर कोणी फारशी केली नाही. परिणामी सिद्धान्त खोटा ठरताच अनुभवही खोटा ठरला. १८४२ मध्ये इंग्लंडमध्ये मेस्मेरिक निद्रेत एका मजुराचा पाय कापण्यात आला. त्या घटनेचा वृत्तान्त लंडनच्या वैद्यकसभेपुढे वाचला गेला, तेव्हा रुग्णाने वेदना लपविली असावी, असा आक्षेप मार्शल हॉलसारख्या नामांकित वैद्याने घेतला. वैद्याच्या तर्कापुढे रुग्णाच्या शब्दाला किंमत उरली नाही.

दि. ४ एप्रिल १८४५ रोजी हुगळीच्या तुरुंग-रुग्णालयात माधव कौरा नावाच्या कैद्यावर एस्डेलने पहिला प्रयोग केला. कैद्यास दोन्ही बाजूंस अंडवृद्धीचा विकार होता, आणि एका बाजूच्या उपचारानंतर त्यास असह्य वेदना होत होत्या. एस्डेलने मेस्मेरिझम प्रत्यक्ष कधीच पाहिला नव्हता. त्याविषयी केवळ वाचले होते. त्याने कैद्याच्या अंगावरून हात फिरविण्याची क्रिया बराच वेळ चालविली व त्यास गाढ निद्रा आणली. टोचणे, चटका देणे इत्यादी कसोट्यांना कैद्याने प्रतिसाद दिला नाही. जिल्ह्याचा न्यायाधीश व कलेक्टर यांना बोलावून एस्डेलने ही अवस्था दाखविली. पहिल्या दिवसापासूनच त्याला साक्षीदारांची गरज भासली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पुढील सुमारे आठ महिन्यांत अशा ७३ वेदनारहित शस्त्रक्रिया झाल्याचा तक्ता त्याने १८४६ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झालेल्या ‘मेस्मेरिझम इन इंडिया’ या ग्रंथात दिला. त्यांतील अनेक शस्त्रक्रिया हत्तीरोगामुळे अंडकोशावर वाढलेल्या प्रचंड गाठींच्या होत्या. अशा गाठींचे ओझे वाहणारे रुग्ण शस्त्रक्रियेच्या भीतीने वर्षानुवर्षे वैद्याकडे येत नसत. पद्धती वेळखाऊ होती. अंधाऱ्या खोलीत रुग्णास निजवून हस्तसंचार व मस्तकावर श्वास सोडणे हे कार्य तासन् तास, कधी अनेक दिवस चाले. एकट्या वैद्यास ते शक्य नसल्याने एस्डेलने ते रुग्णालयातील तरुण हिंदी साहाय्यकांवर सोपविले. झाडफूक करणाऱ्या मांत्रिकाची क्रिया त्याने हुगळीत पाहिली, तेव्हा आपलीच पद्धती या देशात पूर्वापार चालत आलेली आहे, असे त्याला वाटले.

१८४६ मध्ये बंगालच्या उपराज्यपालाने नेमलेल्या समितीने कलकत्त्यात त्याचे प्रयोग तपासले. काही रुग्ण मुळीच निद्रित झाले नाहीत. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी काही निश्चल राहिले. काहींच्या शरीराला मात्र आचके आले व चेहरे वेदना दाबून धरल्यासारखे वेडेवाकडे झाले. जागे झाल्यावर त्यांनीही आपणास काही दुखले नाही, असे सांगितले. येथे देहाची साक्ष व वाणीची साक्ष यांत विरोध उभा राहिला. समितीने एस्डेलचा दावा फेटाळला नाही, अधिक अनुभवासाठी त्यास संधी देण्याची शिफारस केली. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्त्यात एका वर्षापुरते मेस्मेरिक रुग्णालय उघडण्यात आले.

परंतु काळ अनुकूल नव्हता. ऑक्टोबर १८४६ मध्ये बोस्टन येथे ईथरचा व नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरो येथे क्लोरोफॉर्मचा जाहीर उपयोग सिद्ध झाला. ही द्रव्ये काही मिनिटांत बहुतेक कोणत्याही रुग्णावर परिणाम करीत, आणि त्यांचा गुण रुग्णाच्या साक्षीवर अवलंबून नव्हता. सरकारी रुग्णालय १८४८ मध्ये बंद झाले. कलकत्त्यातील हिंदी व युरोपीय नागरिकांच्या वर्गणीतून ते त्याच वर्षी पुन्हा सुरू झाले, तरी १८५१ मध्ये एस्डेल मायदेशी परतल्यावर हा उपक्रम टिकला नाही. मेस्मेरिझम पराभूत झाला तो मुख्यतः अधिक सोयीच्या साधनामुळे. तो असत्य असल्याचे सिद्ध झाले म्हणून नव्हे.

तथापि एस्डेलच्या यशाची निरपवाद प्रशंसाही योग्य ठरणार नाही. त्याचे रुग्ण बहुतांशी कैदी व गरीब लोक होते. आपल्यावर काय केले जाणार आहे, याची पूर्वकल्पना त्यांना न देणे त्याला अधिक इष्ट वाटे. बंगालचे लोक या प्रभावाला विशेष वश होतात, हे त्याचे मतही वंशविषयक गृहीतकांवर आधारलेले होते. आपल्या साक्षीला पुष्टी म्हणून गोऱ्या अधिकाऱ्याला बोलावणारा हा वैद्य रुग्णांची संमती मात्र साक्षीइतकी आवश्यक मानीत नव्हता. ज्यांच्या शरीरावर या ज्ञानाची कसोटी झाली, त्यांचे स्वतःचे म्हणणे मुख्यतः इतरांच्या नोंदींतूनच उरलेले आहे.

या प्रश्नाची मांडणी कालांतराने बदलली. मँचेस्टरच्या जेम्स ब्रेडने १८४३ मध्ये द्रवाचा सिद्धान्त नाकारून ‘हिप्नॉटिझम’ ही संज्ञा रूढ केली आणि चित्ताच्या एकाग्रतेवर भर दिला. मेल्झॅक व वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या द्वारनियंत्रणाच्या सिद्धान्ताने वेदना ही जखमेचा थेट प्रतिध्वनी नसून मज्जासंस्थेत व मेंदूत घडविली जाणारी अनुभूती आहे, हा विचार बळकट केला. १९९७ मध्ये रँव्हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, संमोहनातील सूचनेने वेदनेची क्लेशदायकता कमी-अधिक केल्यास मेंदूच्या अग्र सिंग्युलेट भागातील क्रियाही तदनुसार बदलते. एलव्हिरा लँग यांच्या २००० सालच्या चाचणीत, शुद्धीवर असलेल्या रुग्णांवरील उपचारांत संमोहनामुळे वेदना व औषधांची गरज कमी झाली. आधुनिक संमोहनोपचार मात्र रुग्णाला विश्वासात घेऊन, त्याच्या संमतीने व सूचक शब्दांच्या साह्याने केला जातो. शिवाय सर्वांवर त्याचा परिणाम सारखा होत नाही, आणि शस्त्रक्रियेच्या बधिरीकरणाची जागा तो सामान्यतः घेत नाही. तो इतर उपचारांचा पूरक आहे.

यावरून एस्डेल ‘बरोबर’ ठरला असे म्हणता येणार नाही, कारण त्याने मानलेला द्रव अस्तित्वातच नव्हता, आणि त्याच्या रुग्णांची निद्रा आजच्या अर्थाने संमोहन होती की काय, हाही वादाचा विषय आहे. परंतु चुकीच्या सिद्धान्ताबरोबर रुग्णांचा अनुभवही नाकारणे ही विज्ञानाची हानी होती, एवढे निश्चित. कोणत्याही उपकरणाने वेदना थेट मोजता येत नसल्याने तिचे पहिले प्रमाण अद्यापही रुग्णाचे कथन हेच आहे. ते ऐकणे, तपासणे आणि ज्याचे ते कथन आहे त्याची संमती घेणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच वेदनाशमनाचे शास्त्र उभे राहते. हुगळीच्या तुरुंगात यांपैकी पहिल्या दोन गोष्टींचा आरंभ झाला. तिसरीची उणीव त्या प्रयोगांवर कायमची राहिली.