जालन्याहून गेलेली पटोला

लग्नसराई आली की देऊळगावराजा, सिंदखेडराजाकडच्या कितीतरी घरांचा बस्ता जालन्याला बांधला जातो. दुकानदार साड्यांची चळत उलगडतो आणि म्हणतो, "ही घ्या ताई, पटोला." हत्ती, पोपट, फुलं, चौकटी सगळं असतं त्यावर. पण ती बहुतेक वेळा छापलेली असते. गंमत अशी की खरी पटोला विणणारे लोक मुळात याच जालन्याचे, असं गुजरातेतल्या पाटणचे विणकर सांगतात.

खऱ्या पटोल्यात कापड रंगवत नाहीत, विणण्याआधी धागाच रंगवतात. नक्षीप्रमाणे रेशमाच्या धाग्यांना जागोजागी सुताने घट्ट बांधायचं आणि रंगात बुडवायचं. बांधलेल्या जागी रंग शिरत नाही. उन्हात निंदायला गेलं की बांगड्यांखालची कातडी उजळ राहते ना, तसंच. मग काही गाठी सोडायच्या, दुसऱ्या बांधायच्या, पुन्हा दुसरा रंग. हे उभ्या धाग्यांचंही करायचं आणि आडव्यांचंही. विणताना उभ्यातला लाल ठिपका आडव्यातल्या लाल ठिपक्यावर नेमका बसला पाहिजे. एका साडीला तीन-चार माणसांचे सहा महिने सहज जातात, कधी वर्षही. म्हणून तिची किंमत लाखाच्या पुढे. ती उलटी-सुलटी सारखीच दिसते. छापलेली साडी उलटून बघा, मागे रंग फिका असतो.

आता हकीगत ऐका. बाराव्या शतकात पाटणला कुमारपाळ राजा होता. तो पूजेला रोज नवी पटोला नेसायचा, आणि ती जालन्याहून यायची. एकदा त्याला कळलं, की जालन्याचा राजा आधी ते कापड अंथरूण म्हणून वापरतो आणि मग विकायला पाठवतो. कुमारपाळाने जालन्यावर स्वारी केली आणि साळवी विणकरांची 700 कुटुंबं पाटणला नेऊन वसवली. हे परंपरेने सांगितलेलं आहे, त्यातला आकडा तसाच धरायचं कारण नाही. पण आम्हाला वेगळंच खटकतं. या गोष्टीत राजाचा सोवळेपणा आहे, त्याचा राग आहे. बैलगाड्यांत संसार भरून निघालेल्या त्या घरांतल्या बायांना कुणी विचारलं होतं का? आज पाटणमध्ये हे काम करणारी साळवी घरं बोटांवर मोजण्याएवढी उरली आहेत.

उभा-आडवा दोन्ही धागा बांधून रंगवायची ही विद्या जगात फार थोड्या ठिकाणी टिकली. एक आपल्या देशात, एक इंडोनेशियातल्या बाली बेटावर आणि एक जपानमध्ये. जपानी लोक अशा कापडाला कासुरी म्हणतात. बांधलेल्या जागेच्या कडेला रंग थोडा झिरपतो, नक्षी धुरकट दिसते, त्यावरूनच हे नाव पडलं. तिथे राजवस्त्राची मिजास नव्हती. शेतकऱ्यांना रेशीम वापरायला सरकारची मनाई होती, म्हणून गावातल्या बाया सुती धागा निळीत बुडवून घरच्यासाठी विणायच्या. किमोनो तर व्हायचाच, शेतात घालायच्या ढगळ विजारीही याच कापडाच्या.

दक्षिण जपानमधल्या कुरुमे गावची इनोउए देन ही अशीच एक विणणारी. 1800 च्या सुमाराला, बारा-तेरा वर्षांची असताना, तिला एका जुन्या निळ्या कपड्यावर रंग उडून पडलेले पांढरे ठिपके दिसले. दुसरी पोर असती तर तिने कपडा चिंध्यांत टाकला असता. हिने तो उसवला, आणि कोणत्या धाग्यावर पांढरं कुठे येतं ते बघितलं. मग नवा धागा तसाच जागोजागी बांधून, रंगवून विणला. ठिपके उमटले. पुढे तिने शेकडो जणींना हे शिकवलं, आणि कुरुमेची कासुरी हा त्या भागातल्या बायांचा मोठा कमाईचा धंदा झाला. 1869 साली ती वारली. आजही त्या कापडाची गोष्ट तिच्या नावानेच सुरू होते.

जालन्याहून गेलेल्यांपैकी एकीचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. आम्ही आता गटाच्या वहीत, हप्त्यांच्या नोंदी संपतात तिथून पुढची पानं वेगळी ठेवली आहेत. कुणाला गोधडीचा कोणता टाका येतो आणि तो तिने कुणाकडून उचलला, ते तिथे नावानिशी लिहितो.