थाई मारधाडपट आणि त्यांच्या तबकड्या : मंडळाच्या कपाटाच्या निमित्ताने

मंडळाच्या खोलीला यंदा रंग काढायचे ठरले, तेव्हा भिंतीलगतच्या लोखंडी कपाटातील तबकड्यांचे काय करायचे हा विषय निघाला. नाटके, कीर्तने, जुने मराठी चित्रपट ठेवायचे यावर कोणाचे दुमत नव्हते. वाद झाला तो खालच्या खणातील थाई मारधाडपटांवरून. एका सभासदांनी सरळच विचारले, "हे सगळे आता फोनवर दिसते, मग जागा कशाला अडवायची?" प्रश्न रास्त आहे. कधीकाळी शनिवारी रात्री एकत्र बसून हे चित्रपट पाहणारे आम्ही चार-पाच निवृत्त लोक आणि आमचे भाचे-पुतणे यांनी मिळून ही नोंद केली आहे. भंगारवाला येण्यापूर्वी ती सभासदांनी वाचावी, एवढीच विनंती.

आमच्या वयाच्या माणसांना या चित्रपटांचा नाद कसा लागला, ते आधी सांगतो. आमची पिढी ब्रूस लीची. 'एंटर द ड्रॅगन' १९७३चा. तो बघून हुबळी-धारवाडच्या कॉलेजांतील किती मुलांनी दोन काठ्यांना साखळी बांधून स्वतःचीच डोकी फोडून घेतली, त्याची मोजदाद नाही. पुढे नोकरी, बदल्या, संसार यांत ते मागे पडले. मग २००३ साली थायलंडमध्ये 'ओंग बाक' आला आणि काही वर्षांनी त्याची तबकडी हुबळीच्या बाजारातून कलघटगीपर्यंत पोहोचली. खेड्यातील बुद्धमूर्तीचे शिर चोरीला जाते आणि गावातला एक पोरगा ते परत आणायला बँकॉकला जातो. गोष्ट एवढीच. पण तो पोरगा, टोनी जा, जे करत होता ते तारेवर लोंबकळून किंवा संगणकावर केलेले नव्हते, आणि जाहिरातीतही तेच ठासून सांगितले होते. उडी मारली की तो खरोखर पडत होता.

टोनी जाचा जन्म १९७६ चा, थायलंडच्या ईशान्येकडील सुरिन प्रांतातला. हा भाग हत्ती पाळणाऱ्यांचा, आणि त्याचे आईवडीलही हत्तीच सांभाळत. देवळाच्या जत्रेत पडद्यावर दाखवलेले ब्रूस ली आणि जॅकी चॅन बघून तो शिकला. जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहिलेल्या आपल्यापैकी अनेकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. त्याचा गुरू पन्ना रिट्टिक्राय. या माणसाने १९८४ साली अगदी तुटपुंज्या पैशांत 'बॉर्न टू फाइट' काढला, त्यात स्वतःच काम केले आणि उड्याही स्वतःच मारल्या. त्याच नावाचा नवा चित्रपट त्याने २००४ मध्ये केला. त्यात सीमेवरच्या खेड्यात मदत घेऊन गेलेले खेळाडू गुंडांशी लढतात, आणि त्या भूमिका खऱ्या खेळाडूंनी केल्या आहेत. पन्ना २०१४च्या जुलैमध्ये वारला, वय अवघे ५३.

आपल्याकडे या जातीचा माणूस म्हणजे भगवानदादा. 'अलबेला'च्या आधी ते गिरणी कामगारांसाठी स्वस्तातले स्टंटपट काढत असत. खऱ्या माराचा धोका काय असतो, तेही त्यांच्याच नावाशी जोडलेले आहे. १९४२ साली चित्रीकरणात त्यांची थप्पड जोरात बसली आणि ललिता पवारांचा डोळा कायमचा अधू झाला. त्यांच्या जुन्या स्टंटपटांपैकी बहुतेक आज बघायलाच मिळत नाहीत, कारण प्रती उरल्या नाहीत. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे कामाला येईल.

मुए थाई या मूळ कलेबद्दल थोडक्यात. पडद्यावर दिसतो तो मुख्यतः तिचा जुना प्रकार, मुए बोरान. मूठ, कोपर, गुडघा आणि नडगी ही तिची हत्यारे. झुंजीपूर्वी गुरूला वंदन करण्याचा विधी असतो. एका डावाचे नाव 'हनुमान अंगठी अर्पण करतो' असे आहे, तर दुसऱ्यात ऐरावत सोंडेसुळ्यांसह उसळतो. थाई रामायणातून आलेली ही नावे ऐकून आमच्या गटातील एक पहिलवान गृहस्थ, ज्यांनी उभी हयात तालमीतल्या मारुतीपुढे उदबत्ती लावली, ते खुर्ची पुढे ओढून बसले आणि त्यानंतर एकही शनिवार त्यांनी चुकवला नाही.

कोणती तबकडी?

आता खरा मुद्दा. आम्ही बँकेत आयुष्य काढलेले लोक. दोन आकडे जुळले नाहीत तर झोप येत नाही. 'तोम यम कुंग' हा २००५चा चित्रपट आमच्याकडे दोन ठिकाणांहून आला. एका भाच्याने बेंगळुरूहून आणलेली तबकडी सुमारे पावणेदोन तास चालली. दुसऱ्याने परदेशातून आणलेली, 'द प्रोटेक्टर' नावाची, दीड तासाच्या आतच संपली. दोघांत चांगलेच भांडण जुंपले. एकाच्या मते गोष्ट हृदयाला भिडणारी होती, तर दुसऱ्याच्या मते गोष्ट अशी नव्हतीच. दोघेही खरे बोलत होते. २००६ साली अमेरिकेत लावताना वितरकांनी चित्रपटातील सुमारे २५ मिनिटे काढून टाकली, अमेरिकन रॅप संगीतकार रिझा याचे संगीत घातले आणि उपशीर्षकांतून कथानकही जागोजागी फिरवले. ब्रिटनमध्ये हाच चित्रपट 'वॉरियर किंग' म्हणून विकला गेला. पुढे अमेरिकेत दोन तबकड्यांचा संच निघाला, त्यात कापलेली आणि मूळ थाई अशा दोन्ही आवृत्त्या दिल्या होत्या. एखादी आवृत्ती वाईट म्हणावी की चांगली, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचे मत मात्र स्पष्ट आहे. नायक ज्या हत्तींना शोधत ऑस्ट्रेलियापर्यंत जातो, ते हत्ती घरच्या माणसांसारखे होते हे सावकाश दाखवणारा भाग कापला, तर पुढे मोडलेली सगळी हाडे फुकट मोडली.

नायकाचे "माझा हत्ती कुठाय?" हे ओरडणे थायलंडमध्ये थट्टेचा विषय झाले, आमच्याकडे शनिवारी चहाला उशीर झाला की तेच वाक्य. पण आमच्या तालुक्यात हत्तीचा विषय निव्वळ थट्टेचा नाही. दांडेलीकडच्या रानातून हत्ती उतरले की भात-उसाचे काय होते, हे शेतकरी सभासदांना विचारावे. त्यांच्यापैकी एकाने चित्रपट संपल्यावर शांतपणे म्हटले होते, "त्याचा हत्ती हरवलाय, आमचा सापडलाय." त्या रात्री चर्चा लढाईवरून वनखात्याच्या भरपाईवर गेली आणि बारा वाजले. नावाबद्दल विचाराल तर 'तोम यम कुंग' म्हणजे आंबट-तिखट कोळंबीचे सार. चित्रपटातील हॉटेलचे तेच नाव आहे. कारवारकडच्या सभासदांनी त्यावरही मत दिले, ते येथे देत नाही.

याच हॉटेलात ती प्रसिद्ध चढाई आहे. नायक मजल्यामागून मजले चढत, वाटेत येईल त्याला लोळवत जातो आणि कॅमेरा जवळजवळ चार मिनिटे कुठेही न तुटता त्याच्या मागे राहतो. चारच मिनिटे का, याला साधे कारण आहे. हातात वागवायच्या कॅमेऱ्यात ३५ मिलिमीटर फिल्मचे ४०० फुटी रीळ बसते आणि ते साडेचार मिनिटांच्या आत संपते. म्हणजे रीळ संपण्यापूर्वी माणसाने वर पोहोचायचे. एखादा चुकला की फोडलेले सामान पुन्हा मांडून सगळे पहिल्यापासून.

'ओंग बाक'चे प्रकरण जरा फसवे आहे. फ्रान्सचे लुक बेसाँ यांच्या कंपनीने परदेशी हक्क घेतले, एका बहिणीचे उपकथानक छाटले आणि थाई संगीताच्या जागी नवे ठणठणाटी संगीत घातले. त्यात गंमत अशी की मूळ चित्रपटातच गल्लीबोळातील भिंतींवर बेसाँ आणि स्पीलबर्ग यांना उद्देशून इंग्रजी निरोप रंगवलेले दिसतात. पोरांनी हाक मारली आणि पाहुणे खरेच आले, येताना कात्री घेऊन आले. येथे तबकडी नुसत्या मिनिटांवरून ओळखू नये. कारण युरोप आणि भारतात चालणाऱ्या पाल पद्धतीत चित्रपट सेकंदाला २४ऐवजी २५ चौकटींच्या वेगाने धावतो. १०८ मिनिटांचा चित्रपट काहीही न कापता १०४ मिनिटांत संपतो आणि आवाजही किंचित चढतो. आमच्यापैकी एकाने या चार मिनिटांसाठी दुकानदाराशी वाद घातला होता, त्यांची येथे जाहीर माफी. ओळखायचे असेल तर संगीत ऐकावे.

तबकड्यांच्या बाकीच्या भानगडी थोडक्यात. व्हीसीडीवर साधारण ७४ ते ८० मिनिटेच मावतात, म्हणून प्रत्येक चित्रपटाच्या दोन तबकड्या आणि मध्येच, हमखास पाय हवेत असताना, खंड. डीव्हीडीला प्रदेशाचे कुलूप असते. भारत पाचव्या प्रदेशात, थायलंड तिसऱ्या, अमेरिका पहिल्या. त्यामुळे बाहेरून आणलेली तबकडी घरच्या यंत्रात अनेकदा नुसतीच फिरत राहायची. थायलंडच्या देशी तबकडीत चित्रपट पूर्ण असे, पण पुष्कळदा इंग्रजी उपशीर्षके नसत. परदेशी तबकडीत उपशीर्षके असत, पण चित्रपट कापलेला. जगभरचे शौकीन या पेचात वर्षानुवर्षे अडकले होते.

भाषेचा पेच आमचा आणखी वेगळा. कर्नाटकात १९६०च्या दशकापासून कन्नडमध्ये डबिंग करू न देण्याचा चित्रपट व्यवसायाचा अलिखित दंडक होता. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१५ साली त्याविरुद्ध निर्णय दिला. मराठीत तर असले काही डब होण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून घरी मराठी, रस्त्यावर कन्नड बोलणारे आम्ही थाई माणसाला हिंदीत शिव्या देताना ऐकत होतो. ते आम्हाला खटकले नाही, सवयच होती. पण एकदा मूळ थाई आवाज ऐकल्यावर मात्र हिंदी नको झाली, आजीसुद्धा म्हणाल्या, "त्याला त्याच्याच भाषेत ओरडू दे."

२००७च्या सुमारास मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणल्या. भर देशी चित्रपटांवर होता, पण भाड्याने तबकड्या देणारी दुकाने त्या भावापुढे टिकणे कठीण झाले. हुबळीतील असेच एक दुकान बंद होताना आम्ही तेथून गठ्ठ्याने माल उचलला. त्यात निम्म्या चकत्या डब्यावर एक आणि आत दुसरेच अशा निघाल्या. कपाटातील गोंधळाचे मूळ तेथे आहे.

टाकून का देऊ नये

फोनवर चित्रपट दिसतो, हे मान्य. कोणती आवृत्ती दिसते, हे दाखवणारा ठरवतो, आणि उद्या काढूनही घेतो. याचे सर्वांत चटका लावणारे उदाहरण जुन्या थाई चित्रपटातले आहे. मित्र छायबंचा हा तिकडचा सर्वांत लाडका नायक ८ ऑक्टोबर १९७० रोजी 'इन्सी थोंग'च्या चित्रीकरणात हेलिकॉप्टरच्या शिडीवरून पडून गेला. चित्रपटगृहात दाखवलेल्या आवृत्तीत ते पडणे तसेच ठेवले होते. पुढे निघालेल्या डीव्हीडीत तो भाग काढून श्रद्धांजलीचा मजकूर घातला. काढले ते योग्यच, असे आमच्यातील काहींचे मत आहे. माणसाचा खरा मृत्यू तिकीट लावून दाखवू नये. काहींना वाटते, तो इतिहास आहे. या वादाचा निकाल लागलेला नाही, पण दोन आवृत्त्या कोठेतरी शिल्लक असतील तरच वाद तरी घालता येतो.

२००८च्या 'चॉकलेट'बद्दल न लिहिता थांबता येत नाही. यानिन विस्मितानंद या मुलीचा हा पहिला चित्रपट. तिचे लाडके नाव जीजा, त्यामुळे आमच्या घरातील बायकांनी तिला पहिल्याच दिवशी आपली म्हटले. ती स्वमग्न मुलगी साकारते, जी टीव्हीवर मारामारी बघून बघून शिकते आणि आजारी आईच्या औषधांसाठी लोकांकडील थकलेली येणी वसूल करायला निघते. वसुलीची ही पद्धत आमच्या शाखेत मंजूर झाली नसती. बर्फाच्या कारखान्यातील मारामारी हा ब्रूस लीच्या १९७१च्या 'द बिग बॉस'ला केलेला नमस्कार आहे. तो चित्रपटही थायलंडमध्येच चित्रित झाला होता. शेवटी श्रेयनामांबरोबर चित्रीकरणातील खऱ्या दुखापती दाखवतात, मानेला पट्टे, दवाखान्याच्या खाटा. ते बघून आमच्या एका नातीने विचारले, "आजोबा, मग हे बघायचं का आपण?" आम्ही तेव्हा काही उत्तर दिले नाही. केबलवर ही श्रेयनामे बहुधा कापली जात, प्रश्नच उद्भवत नसे.

ज्यांना कपाट सांभाळण्यात मदत करायची आहे त्यांच्यासाठी : चकती मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नव्हे. आपल्याकडे मृगापासून दिवाळीपर्यंत ओल हटत नाही, म्हणून चकत्या उभ्या ठेवाव्यात. भिंतीला टेकवू नयेत, कागदी पाकिटातून काढाव्यात. उजेडाकडे धरल्यावर टाचणीएवढी भोके दिसली तर त्या चकतीची प्रत लगेच काढून घ्यावी, थांबू नये. घरी लिहिलेल्या चकत्या छापील चकत्यांपेक्षा लवकर जातात.

आजची शिल्लक अशी. 'ओंग बाक' दोन प्रकारचे, दोन्ही चालतात. 'तोम यम कुंग' पूर्ण, फक्त एका जागी अडकतो. 'द प्रोटेक्टर' उत्तम. 'बॉर्न टू फाइट' डबा आहे, आत भावगीते निघाली. 'चॉकलेट'ची पहिली व्हीसीडी आहे, दुसरी नाही. २०१२-१३च्या आसपास कोणीतरी बघायला नेली होती आणि वहीत सही नाही. ज्यांच्या घरी असेल त्यांनी रंगकाम सुरू होण्यापूर्वी आणून द्यावी. उशिराबद्दल काही आकारणार नाही.