संकल्पाचे उदक

नव्या वर्षाच्या तोंडावर व्यायामाचे संकल्प करण्याची आणि संक्रांतीपर्यंत ते विसरून जाण्याची रीत आता इतकी रुळली आहे, की तिच्याविषयी गंभीरपणे लिहिणेच कोणाला विनोदी वाटावे. परंतु ज्या शब्दाने आपण या हौसेला नाव देतो, तो ‘संकल्प’ हा शब्द आपल्याकडे मुळात हौसेचा नव्हता. तो एका विधीचा शब्द होता, आणि त्या विधीची रचना ध्यानात घेतली तर शरीरसाधनेच्या आपल्या अलीकडच्या इतिहासातील काही गोष्टी वेगळ्या उजेडात दिसू लागतात.

पूजेच्या आरंभी यजमान जो संकल्प सोडतो, त्यात प्रथम देशकालाचा उच्चार होतो. कोणत्या भूमीत, कोणत्या नदीच्या तीरी, कोणत्या शकात व संवत्सरात, कोणत्या अयनात, ऋतूत, मासात, पक्षात आणि तिथीला आपण उभे आहोत, हे आधी सांगावे लागते. मग आपले नाव व गोत्र, मग हेतू, मग नेमके कर्म. एवढे झाल्यावर हातातील पाणी ताम्हनात सोडले जाते. मोघम इच्छेला येथे जागाच नाही. ‘यंदा प्रकृतीकडे लक्ष द्यायचे’ हे वाक्य या चौकटीत संकल्प ठरणार नाही. कारण त्यात स्थळ नाही, वेळ नाही आणि कर्मही नाही.

त्याहून महत्त्वाचे आहे ते शेवटचे उदक. दान देतानाही हेच उदक सोडतात, आणि त्यावरूनच मराठीत ‘एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे’ म्हणजे तिच्यावरचा हक्क टाकणे असा अर्थ रूढ झाला. काही करण्याचा निश्चय आणि कशाचा तरी त्याग, या दोहोंसाठी आपल्या भाषेने हाताची एकच क्रिया राखून ठेवली आहे. प्रश्न असा, की शरीर कमावण्याचा संकल्प करणाऱ्यांनी नेमके कशावर पाणी सोडले?

पहिले उदाहरण सर्वपरिचित आहे. बाळ गंगाधर टिळक १८७२ साली मॅट्रिक झाले आणि त्यानंतर डेक्कन कॉलेजात दाखल झाले. शरीरयष्टी किरकोळ, प्रकृती नाजूक. कॉलेजचे पहिले वर्ष शरीरासाठी द्यायचे असे त्यांनी ठरविले. तालीम, कुस्ती, पोहणे, नाव वल्हविणे यांतच ते वर्ष गेले, आणि त्या वर्षीच्या परीक्षेत अपयश आले. चरित्रकार ही हकिकत कौतुकाने सांगतात व पुढे तिची सांगड मंडालेशी घालतात. १९०८ मध्ये बावन्न वर्षांच्या वयात सुनावलेली सहा वर्षांची शिक्षा त्यांनी सोसली, ती या वर्षाच्या पुंजीवर, असा तो युक्तिवाद आहे.

या युक्तिवादाविषयी इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे सावध असावे. कारण व कार्य यांच्यात पस्तीस वर्षांचे अंतर आहे. मधुमेहाने टिळकांना त्याच तुरुंगात गाठले होते, हेही विसरता येत नाही. फलश्रुती बाजूला ठेवली तरी त्या वर्षाचे मोल कमी होत नाही. ध्येय एक होते, मुदत एका वर्षाची होती, साधने जवळची होती, आणि किंमत आधीच ठाऊक होती. सोळा-सतरा वर्षांच्या हुशार मुलाने परीक्षेवर पाणी सोडणे ही त्या काळच्या पांढरपेशा घरात लहान गोष्ट नव्हे.

दुसरे उदाहरण औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे. चित्रकार, कीर्तनकार व कलासंग्राहक म्हणून आपण त्यांना ओळखतो. युजीन सँडो याचे बलसंवर्धनावरील पुस्तक १८९७ साली निघाले आणि डंबेल्सची ही साधना साम्राज्यभर पसरली. भवानरावही तिच्या प्रभावाखाली आले. सँडोची पुस्तके व उपकरणे मिळवून सुमारे दहा वर्षे त्यांनी तो व्यायाम नेमाने केला. पुढे १९०८च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि १९५१ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे नाव त्या एका व्यायामाशी जोडलेले राहिले.

या बदलाला केवळ ‘स्वदेशी’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ते कारण खरेच आहे, पण अपुरे आहे. सँडोच्या पद्धतीत छाती, दंड व कंबर यांची मापे केंद्रस्थानी होती; म्हणजे ध्येय फळात होते. नमस्कारांत मोजायची ती संख्या. आज किती घातले, एवढाच प्रश्न. मापे आपल्या हातात नसतात, संख्या असते. वयाप्रमाणे व शक्तीप्रमाणे ती हळूहळू वाढवीत न्यावी, आणि एकही दिवस चुकवू नये, यावर पंतांचा भर होता. उपकरण नको, सोबती नको, सतरंजीएवढी जागा पुरे. सबबींची एकेक वाट बंद करणारी ही रचना आहे. लुईज मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेले पंतांचे पुस्तक १९३८ मध्ये लंडनला निघाले तेव्हा तेथील वाचकाला जे आवडले असेल, ते यातले सोपेपणच असावे.

परंतु येथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो. पंतांनी हा व्यायाम आपल्या संस्थानातील शाळांत सक्तीचा केला. राजाचा संकल्प प्रजेचा नियम झाला. ‘अमुक नावाचा मी’ हा उच्चार ज्या क्रियेचा प्राण, ती दुसऱ्याच्या हुकमावरून केली तर तिला संकल्प म्हणावे काय? मुलांच्या शरीराला लाभ झाला असेल; पण पाणी सोडणारा हात त्यांचा नव्हता. आरोग्याची ध्येये वरून वाटणाऱ्या आजच्या संस्थांनीही हा भेद ध्यानात घ्यावा.

बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात निघाले. एवढे ज्ञान मराठीत उपलब्ध झाले, आणि दहाच वर्षांत, १९५८ साली, ‘बटाट्याची चाळ’ आली. तिच्यातील ‘उपास’ या प्रकरणात वजन उतरविण्याचा पण करणारा माणूस आपल्याला भेटतो. चाळीतला प्रत्येकजण त्याला काय सोडावे हे सांगतो, आणि प्रत्येकाचे सांगणे निराळे असते. पु. ल. देशपांडे यांचा हा विनोद निव्वळ खादाडपणावर नाही. त्या माणसाचा पण चारचौघांत जाहीर होतो, त्यावर चर्चा होते, सल्ले जमतात. फक्त कर्म तेवढे सुरू होत नाही. संकल्पाचा सार्वजनिक समारंभ होऊन त्यातले उदक नाहीसे होते, तो क्षण मराठी साहित्याने येथे अचूक टिपला आहे. टिळकांच्या पिढीचा निग्रह आणि चाळीतला पण यांच्यामध्ये मध्यमवर्गाचे एक अख्खे स्थित्यंतर आहे.

व्यायामशास्त्र आज सांगते, की ध्येय नेमके असावे, मोजता यावे, आवाक्यातले असावे, त्याला मुदत असावी. यात खोटे काही नाही. देशकालोच्चारात यातले बरेचसे आधीच होते. मात्र या यादीत एक कलम नसते. सकाळच्या अर्ध्या तासासाठी कोणता अर्धा तास जाणार? रात्रीचे जागरण, पहाटेची झोप, की वाचनाची वेळ? आपल्यासारख्या पुस्तकी माणसांना हा शेवटचा प्रश्न विशेष टोचतो, कारण शरीराकडे दुर्लक्ष करण्याला आपण बरेचदा व्यासंगाचे नाव दिलेले असते.

तेव्हा यंदाच्या वहीत पहिल्या पानावर काय करणार हे लिहिण्याआधी कशावर पाणी सोडणार हे लिहावे. ते लिहिता आले नाही, तर पान कोरे ठेवणे अधिक प्रामाणिक होईल.