विवर्तन : सावलीच्या मध्यभागी उजेड

दार अर्धवट उघडे असले की शेजारच्या खोलीतील बोलणे ऐकू येते. बोलणारा मात्र दिसत नाही. भिंतींवरून होणारे परावर्तन हे त्याचे एक कारण. दुसरे असे की, दारातून बाहेर पडणारा ध्वनी स्वतःच पंख्यासारखा पसरतो. अडथळ्याच्या कडेवरून किंवा फटीतून जाताना तरंगाने सरळ मार्ग सोडून सावलीच्या प्रदेशात शिरणे, याला भौतिकशास्त्रात ‘विवर्तन’ म्हणतात. पाण्याच्या लाटा, ध्वनी, रेडिओतरंग, प्रकाश, क्ष-किरण, इतकेच नव्हे तर इलेक्ट्रॉनही याला अपवाद नाहीत.

विवर्तनाचे प्रमाण मुख्यतः एका गुणोत्तरावर ठरते : तरंगलांबी आणि फटीची रुंदी. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असल्याने १७० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी २ मीटर येते. एक मीटर रुंदीचे दार त्याच्या दृष्टीने चिंचोळी फटच होय. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. तेच दार त्याच्यापेक्षा सुमारे वीस लाख पट रुंद ठरते. त्यामुळे प्रकाश सरळ रेषेत जातो हे शालेय विधान व्यवहारात खपून जाते.

ते पूर्ण खरे नाही, हे प्रथम इटलीतील बोलोन्याच्या फ्रान्चेस्को मारिया ग्रिमाल्दी या जेझुइट पाद्र्याने दाखवले. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणाऱ्या उन्हात त्याने एक वस्तू धरली. तिची सावली भूमितीने सांगितल्यापेक्षा रुंद पडली आणि कडेला रंगीत पट्टे उमटले. विवर्तनाचे युरोपीय भाषांतील नाव त्याचेच. हे सारे ज्या ग्रंथात आहे तो त्याच्या मृत्यूनंतर, १६६५ साली प्रसिद्ध झाला.

पुढे क्रिस्तियान हायगेन्सने असे मांडले की, तरंगाग्रावरील प्रत्येक बिंदू हा नव्या लहान तरंगांचा उगम असतो. पण या लहान तरंगांची बेरीज कशी करायची, हे ओग्युस्तँ फ्रेनेलने सांगितले. हा पेशाने रस्ते बांधणारा अभियंता. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने विवर्तनावर पारितोषिक जाहीर केले, तेव्हा १८१८ साली त्याने आपला प्रबंध पाठवला. परीक्षक मंडळात लाप्लास, बिओ आणि प्वासाँ हे प्रकाशाला कणांचा प्रवाह मानणारे दिग्गज होते. प्वासाँने फ्रेनेलचेच गणित पुढे नेऊन त्याला पेचात पकडले : हे सूत्र खरे मानले, तर वाटोळ्या चकतीच्या सावलीच्या अगदी मध्यभागी प्रकाशाचा ठिपका पडायला हवा! हे विपरीत असल्याने सिद्धान्तच खोटा, असा त्याचा रोख होता. मंडळातील आरागोने वाद घालण्याऐवजी २ मिलिमीटर व्यासाची धातूची चकती मेणाने काचेवर चिकटवली आणि पाहिले. ठिपका होता. चकतीच्या कडेचा प्रत्येक बिंदू सावलीच्या केंद्रापासून सारख्याच अंतरावर असतो. तिथून निघालेले तरंग केंद्राशी शिखराला शिखर जुळवून पोहोचतात आणि एकमेकांना बळ देतात. पारितोषिक १८१९ मध्ये फ्रेनेलला मिळाले. ठिपक्याला मात्र, दैवदुर्विलास म्हणावा तसे, प्वासाँचेच नाव पुष्कळदा दिले जाते. खरे तर मराल्डीने हा ठिपका १७२३ मध्येच पाहिला होता. पण तो का पडतो हे सांगणारा सिद्धान्त नसल्याने कोणी लक्ष दिले नाही.

एकाच फटीतून आलेल्या प्रकाशात काळे पट्टे का दिसतात, हेही याच बेरजेतून कळते. ज्या दिशेला फटीच्या दोन कडांपासूनच्या अंतरांत नेमका एका तरंगलांबीचा फरक पडतो, तिथे फटीच्या वरच्या अर्ध्या भागातील प्रत्येक बिंदूला खालच्या अर्ध्यात असा जोडीदार सापडतो की, एकाचे शिखर दुसऱ्याच्या दरीवर येते. उरते ते शून्य. फट ०.१ मिलिमीटरची आणि प्रकाश ६०० नॅनोमीटरचा असेल, तर १ मीटरवरील पडद्यावर मधला तेजस्वी पट्टा सुमारे १२ मिलिमीटर रुंद पडतो. फट निम्मी केली की पट्टा दुप्पट होतो : जितके कोंडावे तितका प्रकाश पसरतो.

दुर्बिणीचा आरसा हेही एक छिद्रच. म्हणून तारा बिंदूवत असला तरी त्याची प्रतिमा लहानशी चकती बनते, आणि भिंग कितीही निर्दोष घासले तरी ही चकती नाहीशी होत नाही. नारायणगावाजवळील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीची एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची आहे. तरीही २१ सेंटिमीटरच्या तरंगांवर एकट्या तबकडीला सुमारे २० कलांपेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही. निरोगी मानवी डोळा साधारण एका कलेपर्यंत भेद करतो, म्हणजे ही अजस्र तबकडी डोळ्यापेक्षाही अधू! उपाय एकच : छिद्र मोठे करणे. तिथे अशा ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभारून त्यांचे संकेत एकत्र जुळवले जातात, आणि भेदनक्षमता दोनेक विकलांपर्यंत पोहोचते.

जिथे फटी अणूंइतक्या जवळ असतात, तिथे हीच घटना अडचण न राहता साधन बनते. १९१२ मध्ये माक्स फोन लाउए यांच्या सूचनेवरून स्फटिकातून क्ष-किरण सोडण्यात आले, तेव्हा छायाचित्र-पट्टीवर ठिपक्यांची सुबक नक्षी उमटली. त्या नक्षीवरून अणूंची मांडणी उलट्या गणिताने काढता येते. १९५२ मध्ये रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत रेमंड गॉस्लिंग यांनी टिपलेल्या डीएनएच्या क्ष-किरण छायाचित्रातील फुलीसारखी आकृती हे विवर्तनच होते, आणि तिच्यातूनच त्या रेणूचा नागमोडी पीळ ओळखता आला.