चाळीस बिटांचं कुलूप

गेल्या दिवाळीत नंदुरबारला घरी गेलो होतो. फराळ, पाहुणे सगळं आटोपल्यावर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आईने कपाटातून एक डीव्हीडी काढली आणि माझ्या हातात ठेवली. जुना मराठी सिनेमा. बाबांनी २००८ च्या सुमारास पुण्याहून आणलेली, ओरिजिनल, बिल अजून कव्हरमध्ये. बाबा आता नाहीत. "तू कॉम्प्युटरवाला ना, मग लावून दे," आई म्हणाली.

सोपं वाटलं ना? मलाही वाटलं. पण घरातला प्लेअर केव्हाच भंगारात गेलेला, माझ्या लॅपटॉपला ड्राईव्हच नाही आणि हा सिनेमा मला कुठल्या ओटीटीवरही सापडला नाही. बाजारात तीन दुकानं पालथी घातल्यावर एकाने माळ्यावरून धूळ झटकून यूएसबी ड्राईव्ह काढून दिला. घरी आणून जोडला. लॅपटॉपवर लिनक्स. डिस्क घरघरली, फायली दिसल्या, आणि पडद्यावर नुसते हिरवे-जांभळे चौकोन! तेव्हा डोक्यात उजेड पडला. सगळ्याच देशी डिस्कवर हे कुलूप नसायचं, हिच्यावर होतं. लिबडीव्हीडीसीएसएस नावाची एक इवलीशी लायब्ररी टाकली आणि दोन मिनिटांत सिनेमा सुरू.

आता एक कॉपी करून पेनड्राईव्हवर टाकावी, म्हणजे आईला टीव्हीवर केव्हाही बघता येईल, असं मनात होतं. तेवढ्यात मागे उभा असलेला भाचा म्हणाला, "मामा, हे लीगल आहे का? तू कुलूप तोडलंस." भाचा लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

म्हटलं, "अरे, डिस्क आपली आहे."

"डिस्क आपली. कुलूप कोणाचं?"

पुढच्या दोन रात्री त्यातच गेल्या. त्यातून जे हाती लागलं ते लिहितोय.

कुलपाचं नाव कंटेंट स्क्रॅम्बल सिस्टिम, म्हणजे सीएसएस. (वेब डिझाइनवाल्यांनी गैरसमज करून घेऊ नये, तुमचं सीएसएस वेगळं.) प्रकार साधारण असा. समजा एका वाड्याच्या दारावर चारशेहून जास्त छोटे डबे टांगलेत. प्रत्येक डब्यात वाड्याची तीच एक किल्ली, पण प्रत्येक डब्याचं कुलूप वेगळं. प्लेअर बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीला आपापल्या डब्याची किल्ली मिळते. डबा उघडायचा, आतली किल्ली घ्यायची, तिने पुढची किल्ली मिळवायची आणि मग सिनेमा. किल्ल्यांची लांबी फक्त ४० बिट. त्या काळी अमेरिकेतून मजबूत एन्क्रिप्शन बाहेर पाठवायला निर्बंध होते, म्हणून इतकी आखूड, असं मानलं जातं.

पण खरी गंमत बिटांत नाही, डब्याची किल्ली मिळवण्याच्या अटींत आहे. डीव्हीडी सीसीए नावाच्या संस्थेशी करार करा, फी भरा आणि तिचे नियम पाळा. अमेरिकेतली डिस्क भारतात चालू द्यायची नाही. अमेरिका रिजन १, आपण रिजन ५. कॉम्प्युटरच्या ड्राईव्हला रिजन बदलायची मुभा फक्त पाच वेळा, पाचव्यांदा जिथे असाल तिथेच कायमचे अडकलात. चुलतभावाने न्यू जर्सीहून आणलेल्या डिस्कांचं आम्ही शेवटी तोरण केलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, चोरी थांबवायची तर एवढं लागणारच. पण चोराला हे कुलूप उघडायचंच नव्हतं! छापखाना असलेला चोर डिस्क बिटला बिट लावून कुलपासकट छापतो, आणि ती कुठल्याही प्लेअरवर ओरिजिनलसारखीच चालते. अडतो तो घरी कोऱ्या डिस्कवर उतरवणारा, कारण कोऱ्या डिस्कमध्ये किल्ल्यांची जागा आधीच भरून बंद केलेली असते. आणि आमच्या नंदुरबारात तर त्या वर्षांत राज्य होतं व्हीसीडीचं, जिला कुलूपच नव्हतं. बाजारात मिळणाऱ्या नव्या सिनेमाच्या सीडीत मध्येच कोणीतरी उठून बाहेर जायचं आणि त्याची सावली हीरोच्या तोंडावर पडायची. ती कॉपी थिएटरात कॅमेरा लावून केलेली. त्यात कुठलं सीएसएस अन् कुठलं काय.

मग हे कुलूप नेमकं कोणाला अडवत होतं? लिनक्सवाल्यांना. ज्याचा सोर्स कोड जगजाहीर आहे, त्या प्लेअरमध्ये गुपित किल्ली ठेवणार कुठे? त्यामुळे १९९९ मध्ये विकत घेतलेली डीव्हीडी लिनक्सवर बघण्याचा सरळ रस्ताच नव्हता.

त्या वर्षीच्या शरद ऋतूत नॉर्वेतल्या योन लेक योहानसेन नावाच्या १५ वर्षांच्या पोराने डीसीएसएस नावाचा छोटा प्रोग्रॅम इंटरनेटवर टाकला. तो एकटा नव्हता. त्याच्या तिघांच्या टोळीतल्या बाकी दोघांची नावं कधी पुढे आली नाहीत, आणि कुलूप उघडणारा मूळ कोड त्या अनामिकांतल्या जर्मनाकडून आला होता. योनने वरचा विंडोजचा साज चढवला. सुरुवात झाली ती झिंग नावाच्या सॉफ्टवेअर प्लेअरपासून, त्यांनी आपली किल्ली नीट लपवली नव्हती. पुढे फ्रँक स्टीव्हन्सन नावाच्या प्रोग्रॅमरने दाखवून दिलं की किल्ली चोरायचीही गरज नाही. अल्गोरिदमच इतका कच्चा की चाळीस बिटांच्या सुमारे एक लाख दहा हजार कोटी शक्यतांऐवजी जेमतेम साडेतीन कोटी तपासल्या की डिस्कची किल्ली हातात. त्या काळच्या पेंटियम-३ वर हे काही सेकंदांचं काम.

म्हणजे कुलूप तेव्हाच संपलं. पुढची सगळी लढाई कोर्टात झाली.

डिसेंबर १९९९ ची अखेर ते जानेवारी २००० या काळात तीन ठिकाणी आग लागली. कॅलिफोर्नियात डीव्हीडी सीसीएने कोड छापणाऱ्यांवर 'ट्रेड सिक्रेट' चोरल्याचा दावा लावला. न्यूयॉर्कमध्ये आठ स्टुडिओंनी '२६००' या हॅकर मासिकाला कोर्टात खेचलं. आणि २४ जानेवारीला नॉर्वेत पोलिसांनी योनच्या घरी जाऊन कॉम्प्युटर जप्त केले, मोबाइलसुद्धा.

कॅलिफोर्नियाचा किस्सा आधी सांगतो, कारण तो मला फार आवडतो. हा कोड गुपित आहे, तो कोणी बघता कामा नये, असं कोर्टाला सांगणाऱ्या वकिलांनी पुरावा म्हणून तोच कोड कागदपत्रांना जोडला. कोर्टाची कागदपत्रं सार्वजनिक! चूक लक्षात आल्यावर धावपळ करून ती सील करून घ्यावी लागली. हा खटला वर-खाली होत २००३ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २००४ मध्ये संपला. ज्याच्या लाखो प्रती जगभर पसरल्या त्याला गुपित म्हणता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. चार वर्षं लागली एवढ्याला.

न्यूयॉर्कची गोष्ट मात्र गंभीर होती. अमेरिकेत १९९८ मध्ये डीएमसीए नावाचा कायदा झाला होता. कुलूप तोडणं तर गुन्हा, पण कुलूप तोडणारं अवजार वाटणं हाही. त्या अवजाराने पुढे कोणी खरंच चोरी केली की नाही, हा मुद्दाच नाही. बचाव असा होता की कोड म्हणजे भाषण आहे, आणि भाषणस्वातंत्र्य राज्यघटनेने दिलंय. डेव्ह टुरेट्झ्की नावाचे कार्नेगी मेलनचे प्राध्यापक साक्षीला आले. त्यांनी एक 'गॅलरी' जमवली होती: तोच अल्गोरिदम सी भाषेत, साध्या इंग्रजीत, टी-शर्टावर. यातलं नेमकं कुठे 'भाषण' संपतं आणि 'अवजार' सुरू होतं ते दाखवा, असा त्यांचा सवाल. टी-शर्ट विकणाऱ्या कंपनीचं नाव कॅलिफोर्नियाच्या दाव्यात आरोपी म्हणून खरोखरच घातलं गेलं होतं. एका पठ्ठ्याने तर आख्खा अल्गोरिदम हायकूंमध्ये लिहून काढला. आणि २००१ मध्ये फिल कार्मोडीने १४०१ आकडी मूळ संख्या शोधली, जी बायनरीत लिहून अनझिप केली की डीसीएसएसचा कोड बाहेर पडतो. बेकायदा संख्या!

(आमच्या जिल्ह्याचंही नाव देशभर झालं ते एका संख्येमुळेच. २९ सप्टेंबर २०१० ला पहिली आधार कार्डं शहादा तालुक्यातल्या टेंभलीत वाटली गेली. ती बारा आकडी संख्या मात्र पूर्ण कायदेशीर.)

न्यायाधीश लुइस काप्लान यांनी १७ ऑगस्ट २००० ला स्टुडिओंच्या बाजूने निकाल दिला. कोड हे भाषण आहे हे त्यांनी मानलं, पण ते काम करणारं भाषण आहे म्हणाले, आणि त्याच्या पसरण्याची तुलना साथीच्या रोगाशी केली. मासिकाला कोड ठेवायला बंदी, आणि दुसऱ्याच्या कोडकडे जाणारी लिंक द्यायलाही. नोव्हेंबर २००१ मध्ये अपील कोर्टानेही तेच कायम केलं.

खरं सांगायचं तर काप्लानसाहेबांचं अर्धं म्हणणं मला पटतं. रोज कोड लिहून पोट भरणाऱ्या माणसाने 'कोड म्हणजे नुसती कविता' असं म्हणू नये. एका चुकीच्या कमांडने प्रॉडक्शन डेटाबेस उडालेला ज्याने पाहिलाय त्याला कळतं, की हे शब्द वाचले जात नाहीत, चालवले जातात. न पटणारं अर्धं हे की अवजार कशाला वापरलं ते बघायचंच नाही. कोयत्याने ऊसही तोडतात.

नॉर्वेत नेमकं तेच बघितलं गेलं. योनवर आरोप होता तो दुसऱ्याची बंद पत्रं फोडणं, दुसऱ्याच्या डेटात शिरणं यासाठीच्या कलमाखाली. ७ जानेवारी २००३ ला ऑस्लोच्या कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. कोर्टाचा तर्क आमच्या आईलाही पटेल असा होता: डिस्क त्याने पैसे देऊन घेतली होती, मग तो दुसऱ्याच्या डेटात शिरला कुठे? विकत घेतलेला सिनेमा बनवणाऱ्याने ठरवलेल्या पद्धतीनेच बघायचा, असं बंधन ग्राहकावर नाही. सरकारने अपील केलं. २२ डिसेंबर २००३ ला तेही फेटाळलं गेलं, आणि जानेवारी २००४ मध्ये सरकारी पक्षाने हात टेकले. पंधराव्या वर्षी सुरू झालेलं लचांड विसाव्या वर्षी सुटलं. (२००५ मध्ये नॉर्वेनेही कुलपांसाठी वेगळा कायदा केलाच, तो भाग निराळा.)

अमेरिकेत मात्र वारं फिरलं नाही. डिस्कची कॉपी करणारं सॉफ्टवेअर विकणारी ३२१ स्टुडिओज २००४ मध्ये हरली आणि बंद पडली. २००९ मध्ये रियलनेटवर्क्स हरली. आणि ही रियलनेटवर्क्स कोण? १९९९ मध्ये झिंग विकत घेणारी कंपनी! जिच्या घरातून किल्ली गेली, तिलाच दहा वर्षांनी कॉपी करू दिली नाही. घरच्या घरी कॉपी करण्याची सूट तिथे अनेकदा मागितली गेली आणि नकारच मिळाला.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे.

आपल्याकडे सिनेमाची चोरी म्हणजे आधी व्हिडिओ पार्लर. त्यासाठी १९८४ मध्ये कॉपीराइट कायदा कडक झाला, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि जबर दंड. महाराष्ट्राने २००९ मध्ये आणखी पुढे जाऊन झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले वगैरेंसाठी असलेल्या एमपीडीए कायद्यात 'व्हिडिओ पायरेट' घातला. म्हणजे खटला न चालवता वर्षभर स्थानबद्ध. नकली सीडी विकणारा आणि गुंड एकाच यादीत! मला ते तेव्हाही अति वाटलं होतं. विशेष म्हणजे २००७ मध्येच मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी काढून चोराच्या भावातच अस्सल माल बाजारात आणला होता.

आणि मग २०१२. कॉपीराइट दुरुस्ती कायदा त्या वर्षी २१ जूनला लागू झाला आणि कलम ६५अ आलं. कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. पण एक अट घातली: हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर. बस्स, एवढेच शब्द. न्यूयॉर्कमध्ये ज्या प्रश्नाला किंमत नव्हती तोच आपल्या कायद्याने मध्यभागी ठेवला. पुढे असंही म्हटलंय की या कायद्याने स्पष्ट मनाई न केलेल्या कामासाठी तोडलं तर चालेल. खासगी वापरासाठीचा उचित व्यवहार कलम ५२ मध्ये आहेच. आख्ख्या सिनेमाची प्रत त्यात बसते का, यावर वकील जरूर भांडतील. भाचा तर लगेच भांडायलाच लागला. पण बिल कव्हरमध्ये, डिस्क कपाटात, प्रेक्षक एकटी आई. यातून हक्कभंगाचा हेतू काढून दाखव म्हटल्यावर तो गप्प बसला.

गप्प बसला तो पाचच मिनिटं. मग मोबाइलवर कलम वाचता वाचता ओरडला, "मामा, एक अट आहे!" दुसऱ्याला त्याचं कुलूप काढून देत असाल तर त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख पटवणारे तपशील आणि कशासाठी काढलं, याची पूर्ण नोंद ठेवायची. सायबर कॅफेच्या रजिस्टरसारखी.

कॉपी व्हायला चाळीसेक मिनिटं लागली. आईने संध्याकाळी सिनेमा बघितला, मधल्या एका गाण्याला उठून स्वयंपाकघरात गेली, ते का ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरचे काका हजर, हातात दोन डीव्हीड्या. आईने गल्लीत सांगितलं असणारच. भाच्याने टेबलावर जुनी दोनशे पानी वही ठेवली, रकाने आखून. काकांनी चष्मा लावला, नाव लिहिलं, पत्ता लिहिला, उद्देशाच्या रकान्यापाशी जरा थबकले. मग लिहिलं, "मंडळींना बघायचा आहे."