जास्तीच्या कोंबड्याचा इतिहास



आपल्या या मालिकेत आपण बहुतेक वेळा राजे, तह आणि किल्ले यांच्याबद्दल बोलतो. आजचा विषय माझ्या परसातला आहे. मी इतिहास शिकवतो, राहतो फरिदाबादच्या एका जुन्या सेक्टरात. घर भाड्याचं, पण मागे चांगलं मोठं परसू आहे. २०२० च्या टाळेबंदीत कॉलेज बंद होतं आणि मला एकाएकी कोंबड्या पाळायची हौस आली. आमचं गाव सातारा जिल्ह्यात आहे. आजीच्या अंगणात मी कोंबड्या पाहिल्या होत्या, तेवढंच माझं भांडवल.

मला कोंबड्या हव्या होत्या सहा, आणि मी पिल्लं मागवली सोळा. विकणारा म्हणाला, "भाईसाहब, एक दिन का चूज़ा है. कुछ मरेंगे, और आधे तो मुर्गे निकलेंगे." मी मनात गणित केलं आणि ते बरोबर वाटलं. सप्टेंबरअखेर खोक्यातून चिवचिवाट घरात आला. बल्बची ऊब, भरडलेला मका, उथळ ताटलीत पाणी, सगळं मन लावून केलं. दुसऱ्या दिवशी एक पिल्लू गेलं आणि त्यानंतर एकही गेलं नाही. पंधरा जगली. डिसेंबरात तुरे लाल व्हायला लागले तेव्हा मोजदाद केली: तलंगा सात, कोंबडे आठ.

मग आरवणं सुरू झालं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही म्हण आपण सगळे वापरतो. ती ज्याने केली त्याने कोंबडं खरोखर झाकून पाहिलं असणार. मी डालग्यावर गोणपाट टाकलं, त्यावर सतरंजी टाकली. आठ कोंबडे आतून साडेचारला आरवत राहिले आणि शेजारचे गुप्ताजी गच्चीवर येऊन उभे राहिले.

इथून पुढे मी जे वाचत गेलो ते तुम्हाला सांगायचं आहे. कारण हे आठ कोंबडे ही माझ्या एकट्याची अडचण नव्हती. माणसाने कोंबडी घरात आणली तेव्हापासून ती चालत आली आहे. निसर्ग निम्मे नर देतो. माणसाला मात्र दहा माद्यांमागे एखादाच नर लागतो, आणि नुसती अंडी हवी असतील तर तोही लागत नाही. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालते, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. आपल्या महाराष्ट्रात पशुसंवर्धन खात्याची तलंगा गटाची योजना आहे. तिच्या एका गटात २५ माद्या आणि ३ नर असतात. हा सरकारने मान्य केलेला हिशेब. निसर्गाचा हिशेब पंचवीसला पंचवीस. मधल्या बावीस कोंबड्यांचं काय करायचं, याची उत्तरं दर काळात वेगळी निघाली.

कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. तो हरियाणात यमुनेच्या वरच्या अंगाला, शिवालिकच्या पायथ्याशी कालेसरच्या जंगलात आजही राहतो. बाबराने हिंदुस्थानातल्या पक्ष्यांची नोंद करताना रानकोंबडाही लिहून ठेवला आहे. एक गोष्ट आपल्यासाठी खास: २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात असं दिसलं की पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचं, पिवळ्या पायांचं जनुक राखाडी रानकोंबड्याकडून आलं आहे. हा राखाडी कोंबडा आपल्या सह्याद्रीतला. म्हणजे जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत आपल्याकडच्या रानाचा थोडा अंश आहे. रानात जास्तीच्या नरांचा प्रश्न कोल्हा, ससाणा आणि आपसातली भांडणं सोडवतात. अंगणात तो मालकाने सोडवायचा असतो.

गावाने तो फार सहज सोडवला होता. जावई आला, कोंबडा कापला. गटारी आली, कोंबडा कापला. म्हसोबाला, मरीआईला, कोकणात राखणदाराला मान कोंबड्याचाच. अंडी देणाऱ्या कोंबडीवर सुरी चालवायला घरची बाई सहसा तयार नसे. देवाधर्माच्या या चालीमागे श्रद्धा आहेच, पण शिल्लक नरांचा हिशेबही आहे असं माझं मत आहे. पटलं नाही तर सोडून द्या.

दुसरं उत्तर होतं झुंज. असील हा कोंबडा त्यासाठीच जोपासला गेला. १७८४ च्या सुमारास लखनौला नवाब आसफुद्दौला आणि कर्नल मॉर्डंट यांच्यात कोंबड्यांची झुंज झाली, तिचं झोफनीने काढलेलं चित्र प्रसिद्ध आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने झुंजी बेकायदा ठरल्या. तरी आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीत कोंबड बाजारावर धाड पडल्याची बातमी अधूनमधून येतेच.

आणि तिसरी रीत, जिची मला सगळ्यात जास्त आठवण आली, ती म्हणजे अर्धलीने देणं. आजीकडे कोंबड्या जास्त झाल्या की ती एखादी तलंग आणि कोंबडा वाडीतल्या गरजू बाईला पाळायला द्यायची. पुढे होणारी पिल्लं निम्मी-निम्मी. आजीच्या खुराड्यातली गर्दी कमी व्हायची आणि त्या बाईचं खुराडं सुरू व्हायचं. जास्तीचं जनावर दुसऱ्या घरी जायचं ते असं, नात्यातून. सेक्टरात राहणाऱ्या माझ्यासारख्याकडे ते नातं नव्हतं.

आता एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल: पिल्लू घेतानाच नर-मादी ओळखून का घेत नाहीत? ही खटपट फार जुनी आहे. ॲरिस्टॉटलने लिहिलं की लांबट, निमुळत्या अंड्यातून मादी निघते. पुढे रोमन लेखक कोलुमेला म्हणाला, निमुळत्यातून नर. आमची आजी कोलुमेलाच्या पक्षाची होती. खुडूक कोंबडी रवणीला बसवताना ती गोलसर अंडी निवडून घ्यायची, आणि तिच्याकडेही निम्मे कोंबडेच निघायचे. अंड्याच्या आकारावर काही ठरत नाही. पक्ष्यांत नर की मादी हे आईकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं.

खरं उत्तर जपानमध्ये सापडलं. एक दिवसाच्या पिल्लाच्या शेपटीखालचं छिद्र हळूच दाबून उघडायचं आणि आतला टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा पाहायचा. मासुई आणि हाशिमोतो या संशोधकांनी ही पद्धत १९२७ साली कॅनडात ओटावा इथे भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेत मांडली. निष्णात माणूस तासाला शेकडो पिल्लं वेगळी करतो.

तोवर पिल्लांचा व्यापार वाढला होता. अंड्यातून बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस दाणापाण्यावाचून काढू शकतं. म्हणून ते लांब पाठवता येतं. अमेरिकेत १८९२ मध्ये न्यू जर्सीहून पहिली पिल्लं रेल्वेने रवाना झाली आणि १९१८ पासून टपाल खात्याने ती पार्सलने न्यायला परवानगी दिली. खोक्यात पिल्लं थोडी असली की थंडीने दगावतात, म्हणून उबेसाठी वर चार-दोन जास्तीची टाकायची पद्धत तिकडे पडली. ती बहुधा नर असतात, कारण त्यांना किंमत नसते.

ही किंमत कशी गेली? विसाव्या शतकात कोंबडी दोन वाटांनी गेली. एक जात फक्त मांसाची, म्हणजे ब्रॉयलर. दुसरी फक्त अंड्यांची, लेयर. लेयरचा नर अंडं देत नाही आणि अंगाने भरत नाही, म्हणून तो पहिल्याच दिवशी मारला जातो. जगभरात अशी पिल्लं वर्षाला सात अब्जांच्या आसपास असावीत असा अंदाज सांगतात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून हे कायद्याने थांबवलं. तिथे आता अंड्यातच नर ओळखण्याची यंत्रं वापरतात. आपण लहानपणी जत्रेत गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं घ्यायला हट्ट करायचो, आठवतं? दिल्लीच्या आठवडी बाजारातही ती दिसतात. ती पिल्लं बहुतेक हेच नको असलेले नर. मला हे चाळिशी ओलांडल्यावर कळलं आणि त्या रात्री नीट झोप लागली नाही.

आणि आता माझ्या घरापासून तासाभरावर घडलेली गोष्ट. गुरुग्रामला केगफार्म्स नावाची कंपनी आहे, १९६७ साली विनोद कपूर यांनी काढलेली. सुरुवातीला तीही कारखानी कोंबडीपालनासाठीच वाण पुरवायची. १९९१ नंतर बाजार खुला झाला, परदेशी कंपन्या आणि त्यांचे वाण आले. तेव्हा कपूर यांनी तोंड गावाकडे वळवलं. त्यांनी जो पक्षी तयार केला त्याचं नाव कुरॉयलर. रंगीत पिसांचा, उकिरड्यावर आणि बांधावर स्वतःचं पोट भरणारा. मादी वर्षाला दीडशेच्या आसपास अंडी देते, देशी कोंबडी चाळीस-पन्नास. नरही देशीपेक्षा कितीतरी लवकर वजनाला भरतो.

पण पक्ष्याइतकीच मला त्याच्या वाटपाची रीत महत्त्वाची वाटते. एक दिवसाची पिल्लं थेट गावात जात नाहीत. आधी ती छोट्या पालकांकडे जातात. तिथे दोन-तीन आठवडे ऊब, लस, खाणं. नाजूक दिवस संपले की सायकलवाला फेरीवाला ती टोपलीत घेऊन दारोदार जातो. बंगाल, आसाम, झारखंड, छत्तीसगड, उत्तर प्रदेशातल्या बाया चार-पाच पिल्लं घेतात. त्यात दोन-तीन नर निघाले तरी कोणी कपाळावर हात मारत नाही. नर सणाला विकायचा, मादी अंड्यांना ठेवायची. २०१० च्या सुमारास हा पक्षी युगांडात नेला गेला आणि तिथल्या गावांत चालला.

इथे माझी चूक कुठे झाली ते मला दिसलं. सायकलवाल्याकडून पिल्लं घेणाऱ्या त्या बाईला कोंबडा हवा होता. मी मात्र मरणाच्या भीतीने दहा पिल्लं जास्त मागवली आणि ती जगली तर काय, हा विचारच केला नाही.

जानेवारी २०२१ उजाडला आणि बर्ड फ्लूची बातमी आली. दिल्लीत मयूर विहारच्या बागेत कावळे मेलेले सापडले, संजय तलावात बदकं. पंचकुल्याकडच्या फार्मांवर दीड लाखाहून अधिक पक्षी मारायचा आदेश निघाला. गाजीपूरची मुर्गा मंडी दहा दिवस बंद ठेवायचं जाहीर झालं. (याच मंडीत कोंबड्या कापायला २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी घातली होती. तिचा इतिहास हा वेगळ्या भागाचा विषय आहे.) मला आठवलं ते नवापूर. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नंदुरबार जिल्ह्यात निघाला. मोठ्या फार्मांबरोबर आसपासच्या आदिवासी घरांतल्या चार-सहा कोंबड्याही गोण्यांत भरून नेल्या. टीव्हीवर ती दृश्यं मी तेव्हा चहा पीत पाहिली होती.

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर पंधरा कोंबड्यांची चर्चा सुरू झाली. गुप्ताजी घरी आले. भांडायला नाही, हात जोडून. त्यांच्या आईला दमा. "आप समझदार हैं, प्रोफेसर साहब," एवढंच म्हणाले. त्या आठवड्यात मी तेरा-चौदा जणांना फोन केले. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका ठिकाणी कुत्री आणि गाई घेत होते, कोंबडे नाही. ओळखीच्या प्रत्येकाने विचारलं, कोंबडी असेल तर दे. कोंबडा कोणालाच नको होता. माझी बायको म्हणाली, खाऊन टाकू या. आम्ही खाणारे आहोत, दर रविवारी आणतो. पण ज्याच्या पिल्लाला मी बल्बखाली रात्र जागून जपलं होतं त्याच्यावर माझा हात उठेना. हा ढोंगीपणा आहे, मला ठाऊक आहे.

महिनाअखेर भीती ओसरली. चौकीदाराने एक मागून नेला. रविवारी त्याने वाटीभर रस्सा आणून दिला, प्रेमाने. तो मी खाल्ला. दोन गेले सोहन्याजवळ एका सहकाऱ्याच्या शेतावर. तिथे आठवड्यात दोघांची जुंपली आणि एकाचा डोळा गेला. राहिले पाच. आमचा दूधवाला पलवलकडचा. तो म्हणाला, मी नेतो. मी आजीची रीत सांगितली: हवं तर एक तलंगही ने, पिल्लं निम्मी तुझी, निम्मी माझी. तो हसला. म्हणाला, "मुर्गी भी दे दो. पर मुर्गों का बाद में पूछना मत."

तेव्हा परसात सहा कोंबड्या राहिल्या, मला हव्या होत्या तेवढ्याच. होळीनंतर मी त्याच्या गावी गेलो. त्याची सून चुलीपाशी होती आणि माझी तलंग म्हशीच्या गोठ्यात पायाने उकरत होती. माझ्या पाचांपैकी दोन कोंबडे अंगणात दिसले, एक गव्हाच्या पेंढ्यावर चढून आरवत होता. चहा झाला. मी बाकीच्या तिघांचं विचारलं नाही.